वेब डिझाइनमध्ये अजून काही राम उरलाय का?

प्रश्न असा आलाय. राजापूर तालुक्यातली एक मुलगी, रत्नागिरीत बी. एस्सी. आयटीच्या शेवटच्या वर्षाला. लहानपणापासून चित्रकलेचा नाद, म्हणून वेब डिझाइन करायचं मनात आहे. पण कॉलेजात सगळे म्हणतात की एआय पाच मिनिटांत वेबसाइट करून देतं, सगळ्या साइट दिसतातही सारख्याच, यात सर्जनशील असं काही राहिलं नाही. 'ताई, तुम्ही वीस वर्षं यात काढलीत. खरं सांगा, यात काही राम उरलाय का, काही अर्थपूर्ण करता येतं का?'

तुझ्या मित्रमैत्रिणी अर्धं बरोबर सांगतायत, म्हणून आधी ते अर्धं मान्य करून टाकते. वर मोठा फोटो, खाली तीन चौकोन, मग ग्राहकांचे अभिप्राय, शेवटी संपर्काचा फॉर्म, एवढंच तुझं वेब डिझाइन असेल तर ते काम संपलं. असली पानं मी स्वतःही आता हाताने करत नाही. सांगितलं की यंत्र करून देतं, आणि नुकत्या पास झालेल्या पोरापेक्षा बरं करून देतं.

मी २००३ साली दादरच्या एका लहानशा ऑफिसात लागले, तेव्हा आम्ही फ्लॅशमध्ये, म्हणजे वेबवर हलती चित्रं दाखवायच्या सॉफ्टवेअरमध्ये, इंट्रो करायचो. साइट उघडली की काळा पडदा, मग कंपनीच्या नावाचं एकेक अक्षर उडत यायचं, मागे संगीत. एका इंट्रोवर तीन-तीन आठवडे घालवलेत मी. कोपऱ्यात बारीक अक्षरांत 'स्किप इंट्रो' असायचं आणि लोक पहिलं तेच दाबायचे. आम्हाला त्याचं काही वाटायचं नाही, आम्ही कलाकार होतो ना! ३१ डिसेंबर २०२० ला फ्लॅश अधिकृतपणे बंद झालं. माझं त्या काळातलं एकही काम आज उघडत नाही. तेव्हा 'पूर्वी वेब किती सर्जनशील होतं' असं कोणी हळवं होऊन सांगायला लागलं की मी ऐकून घेते आणि चहा ठेवायला उठते.

मी कामाला लागले त्याच वर्षी, २००३ मध्ये, डेव्ह शे नावाच्या डिझाइनरने 'सीएसएस झेन गार्डन' सुरू केलं होतं. मजकुराचं एचटीएमएल, म्हणजे पानाचा सांगाडा, एकच, ते कोणी बदलायचं नाही. फक्त सीएसएसची, म्हणजे रंगरूप आणि मांडणी ठरवणारी, फाइल बदलून जगभरचे लोक त्याच मजकुराला वेगवेगळं रूप द्यायचे. मी ते उशिरा पाहिलं. इंट्रो करून मिळालं नव्हतं ते शिक्षण तिथे मिळालं, की हात बांधलेले असले तरी करण्यासारखं बरंच असतं.

आता सगळं सारखं का दिसतं ते बघ. २००७ साली आयफोन आला. लोक वेब फोनवर बघायला लागले आणि आमच्या ठरावीक रुंदीच्या पानांची पंचाईत झाली. २०१० मध्ये इथन मार्कोटने 'रिस्पॉन्सिव्ह' पद्धत मांडली: पान एकच, ते पडद्याच्या मापाप्रमाणे स्वतःला आवरून घेईल. २०११ मध्ये ट्विटरच्या लोकांनी बूटस्ट्रॅप नावाचा पानांच्या तयार साच्यांचा संच सगळ्यांसाठी खुला केला आणि ही आवराआवर आयती मिळायला लागली. बोटाएवढ्या रुंदीच्या पडद्यावर एकाखाली एक रचण्याशिवाय फारसा पर्याय नसतो, त्यामुळे सगळे एकाच साच्यात आले. एआय शिकलं तेही याच पानांवरून, म्हणून ते त्यांचीच सरासरी काढून देतं. पण सारखेपणाला मी सरसकट नावं ठेवणार नाही. प्रत्येक एसटीचा दरवाजा वेगळ्या बाजूला असता तर आपल्या आज्या गाडीत चढल्या असत्या का?

आमच्या बंदराजवळ एक पेंटर आहेत. दुकानांच्या पाट्या, मांडवावरचं 'सुस्वागतम्', निवडणुकीच्या भिंती, सगळं त्यांच्या ब्रशने व्हायचं. मग फ्लेक्सचं मशीन आलं आणि दोन-तीन वर्षांत पाट्यांचं काम गेलं. तरीही जुलै लागला की त्यांना मान वर करायला फुरसत नसते. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, होड्या वर ओढलेल्या. त्यांची डागडुजी होते, रंग लागतो, मग नाव आणि नंबर. तिथे फ्लेक्स चालत नाही. खारं पाणी आणि ऊन त्याला टिकू देत नाही. एकदा त्यांना विचारलं, पाट्या गेल्याचं वाईट नाही वाटत? म्हणाले, "दुकानाची पाटी काय, ती कोणाकय जमता. होडयेर लिवताना फळी खंय वाकता तां बघूचा लागता." होडीचा नाकाडा निमुळता होत वर जातो, त्यावर अक्षरं सरळ दिसायची तर ती वाकडी काढावी लागतात. किती वाकडी, ते प्रत्येक होडीला वेगळं.

तुझा प्रश्न वाचल्यावर मला हेच आठवलं. आपल्या धंद्यात सपाट फळ्या फ्लेक्सने नेल्या. वाकड्या आहेत तिथेच आहेत.

माझ्या वाट्याला आलेली पहिली वाकडी फळी म्हणजे आंब्याची साइट. गावी परत आल्यावर ओळखीतल्या एका बागायतदार काकांनी सांगितली. मुंबईहून आलेली हुशार डिझाइनर मी, मोहराचे, झेल्याने आंबा उतरवतानाचे, पेंढ्यात मांडलेल्या हापूसचे फोटो काढले. पडदाभर फोटो एकामागून एक सरकतायत, खाली घराण्याच्या बागेची गोष्ट. बघणारा प्रत्येक जण म्हणाला, काय सुंदर! एप्रिलमध्ये काकांचा फोन आला. "फोटो बरे हत गो बाय, पण फोन काय थांबूक नाय." आंबा उतरवायच्या दिवसांत दिवसभर फोन घेऊन जीव जातो, म्हणून तर त्यांनी साइट केली होती.

मग जे आधी करायला हवं होतं ते मी नंतर केलं. तीन दिवस त्यांच्या खळ्यात पेट्यांच्या राशीशेजारी बसले आणि येणारा प्रत्येक फोन वहीत लिहून घेतला. कोणीही बागेचा इतिहास विचारला नाही. पेटी किती डझनाची? फळ कच्चं येणार की तयार? पुण्याला कधी पोचेल? पैसे आधी की नंतर? साका निघाला तर काय? (हापूसला साका धरतो, बाहेरून कळत नाही, कापल्यावर आत पांढरट स्पंजासारखा गर दिसतो. बागायतदाराला या प्रश्नाची सगळ्यात भीती.) आणि पेटी पोचल्यावर पुन्हा फोन: अजून हिरवाच आहे, फ्रिजमध्ये ठेवू का?

दुसऱ्या साइटवर बागेचा फोटो एकच ठेवला. सगळ्यात वर एक ओळ, काका रोज सकाळी फोनवरून बदलतील अशी: आज काय आहे, पुढची गाडी कधी सुटणार, दर काय. खाली पाच डझन आणि सहा डझन म्हणजे फळ केवढं, ते तळहातावर ठेवून दाखवलेलं. साक्याबद्दल सरळ लिहिलं की निघू शकतो, निघाला तर फोटो पाठवा, तेवढी फळं पुढच्या पेटीत भरून देऊ. हे वाक्य लिहायला काका तयार नव्हते. 'आपल्याच तोंडान कशाक सांगूचा?' यावर आमचा चक्क वाद झाला, दोन दिवस. शेवटी लिहिलं. घरी आढी कशी घालायची याचं वेगळं पान केलं आणि पेटीच्या झाकणाच्या आतून त्याचा क्यूआर कोड चिकटवला, म्हणजे प्रश्न पडतो तिथेच उत्तर. हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचं चिन्ह साइटवर टाकायचं होतं. पण ते वापरायला बागायतदाराची स्वतःची नोंदणी लागते, ती होईपर्यंत ती जागा रिकामी ठेवली. आज एआयला 'आंब्याची साइट कर' म्हटलं तर ते माझी पहिली साइट करून देतं, हुबेहूब. दुसरी देत नाही, कारण ती त्या वहीत होती.

दिसायला दुसरी साइट अगदी साधी आहे. चित्रकलेच्या नादाने येणाऱ्याला इथे चटका बसतो, तो तुलाही बसेल. माझं आतापर्यंतचं सगळ्यात जास्त डोकं चाललेलं काम कोणालाही दाखवलं तर तो म्हणतो, 'बरं, आणि?'

दुसरी वाकडी फळी आपली मराठी. इथे इतकं काम पडून आहे की मला राग येतो. मी सुरुवात केली तेव्हा प्रत्येक वर्तमानपत्राचा फाँट वेगळा असायचा, तो आधी उतरवून घ्या नाहीतर पानभर गिचमीड दिसणार. आम्ही शीर्षकं चित्र करून लावायचो. युनिकोड या सगळ्या लिप्यांसाठीच्या जागतिक संकेतप्रणालीत देवनागरी १९९१ पासून होती, र. कृ. जोशींनी केलेला मंगल फाँट विंडोजमध्ये होता, पण ते सगळं सामान्य माणसाच्या हातात रुळायला फार वर्षं गेली. आता फाँटचा दुष्काळ नाही. फाँट करणाऱ्या 'एक टाइप' या गटाचा 'मुक्त' किंवा 'बलू' फुकट वापरता येतो, गूगलचा 'नोटो' आहे. तरी मराठी पानं बघवत नाहीत, कारण साचे रोमन लिपीच्या मापाने कापलेले असतात. इंग्रजी शीर्षक ऐसपैस दिसावं म्हणून अक्षरांत अंतर टाकलेलं असतं, तेच देवनागरीला लागलं की शिरोरेषेचे तुकडे पडतात. ओळींतलं अंतर इंग्रजीच्या हिशेबाचं, मग वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत अडकतो. आपल्याकडे मोठी लिपी नाही, त्यामुळे इंग्रजीत कॅपिटलने जे काम होतं ते वजनाने किंवा जागेने करावं लागतं. आणि वजन वाढवलं की 'क्ष' आणि 'ज्ञ'ची पोटं बुजतात. पानाची भाषा हिंदी नसून मराठी आहे हे कोडमध्ये नीट सांगितलं, तर ज्या फाँटमध्ये दोन्ही रूपं असतात तिथे ल आणि श आपल्या वळणाचे येतात. हे एका शब्दाचं काम आहे, आणि मोठमोठ्या साइटवर झालेलं नसतं.

अक्षरांपलीकडे शब्द. बटणावर 'आमच्या सेवा एक्सप्लोर करा', 'आत्ताच कृती करा'. कोण बोलतं असं? आंब्याच्या साइटवर ऑर्डरच्या बटणाला काय लिहायचं यावर मी आठवडाभर अडले होते. 'खरेदी करा' खोटं होतं, कारण आंबा अजून झाडावर. 'बुकिंग' म्हटलं की हॉटेल आठवतं. शेवटी काकांच्याच फोनमध्ये सापडलं. जुनं गिऱ्हाईक म्हणालं, "दोन पेट्या सांगून ठेवतो हं." बटणावर गेलं: 'पेटी सांगून ठेवा'. हे तीन शब्द मला कुठल्याही इंट्रोपेक्षा जास्त आनंद देऊन गेले.

फॉर्म तर विचारूच नको. आपल्या नावात स्वतःचं, वडिलांचं किंवा नवऱ्याचं आणि आडनाव. फॉर्ममध्ये खाने दोनच. पत्त्यात घर क्रमांक आणि रस्त्याचं नाव सक्तीचं. तुझ्या घराला आहे का रस्त्याचं नाव? वाडी, देवळामागे, पोस्ट, तालुका एवढं लिहिलं की पोस्टमन दारात येतो, पण फॉर्म लाल होऊन बसतो. माझ्या आईने एकदा त्या खान्यात 'रस्ता नाही, पायवाट आहे' असं लिहिलं होतं. मी आता एक मोठा खाना देते, त्यावर 'पत्ता, जसा पाकिटावर लिहाल तसा'. खाली खुणेसाठी एक ओळ.

तिसरी गोष्ट मला वादळाने शिकवली. १६ मे २०२१, तौक्ते. आमच्याकडे नंतर बरेच दिवस वीज नव्हती. गाडीच्या बॅटरीवर फोन चार्ज करायचा आणि रेंजसाठी वर सड्यावर जायचं. कातळावर आम्ही दहा-पंधरा जण, प्रत्येक जण काहीतरी उघडायच्या प्रयत्नात. कोणाला मुंबईत पैसे पाठवायचे, कोणाला नुकसानीच्या पंचनाम्याची माहिती हवी. पांढरा पडदा आणि गोल फिरणारं चक्र. त्यात मी केलेली एका पतसंस्थेची साइटही होती. शेजारी उभ्या बाईंना कळलं नाही ती माझी आहे, आणि मी सांगितलंही नाही.

देवनागरीचं एकेक चिन्ह साठवायला तीन बाइट लागतात. म्हणजे दोन हजार चिन्हांची सूचना साधारण सहा हजार बाइटची, अगदी क्षीण रेंजलाही येईल अशी. आम्ही तिच्यावर काही लाख बाइटचे फोटो, फाँट आणि स्क्रिप्ट लादून ती बुडवतो. मुख्य मजकूर अडीच सेकंदांत दिसावा असा गूगलचा निकष आहे. मी तो ऑफिसातल्या फायबरवर बसून पाळत होते. तेव्हापासून महत्त्वाच्या पानाचा मजकूर आधी, फोनमधल्याच फाँटमध्ये. बाकी सजावट मागून आली तर आली. ते पतसंस्थेचं पान मी त्या पावसाळ्यात फुकट परत केलं.

फिकट राखाडी अक्षरांचंही तेच. मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्यात किमान ४.५ ला १ एवढा ठसठशीत फरक हवा, हा सुगम्यतेचा आंतरराष्ट्रीय निकष आहे. तो मुळात दृष्टी अधू असलेल्यांसाठी, पण दुपारी बारा वाजता होडीत उभं राहून वाऱ्याचा अंदाज वाचणारा माणूस त्या क्षणी अधूच असतो. डिझाइन करताना मी फोन घेऊन जेटीवर जाते. लोकांना वाटतं फोटो काढायला आलीय.

'अर्थपूर्ण' असा शब्द तू वापरलायस, त्यावर थोडं. हे काम आपोआप चांगलं नसतं. मुंबईतल्या एका नोकरीत मी तिकिटांच्या साइटवर विम्याची खूण आधीच केलेला चौकोन बसवला होता. सांगितलं, केलं, पैसे किती वाढले ते मीटिंगमध्ये टाळ्या वाजवून सांगितलं गेलं. असल्या फसवणुकीला आता डार्क पॅटर्न म्हणतात आणि केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये तिचे १३ प्रकार नावानिशी बेकायदा ठरवलेत. तरी मागच्या दिवाळीत एका होमस्टेवाल्यांनी 'फक्त दोनच खोल्या शिल्लक' असं कायम लुकलुकत ठेवायला सांगितलं. त्यांच्याकडे एकूण खोल्याच तीन! मी नियम दाखवला, ते हसले आणि काम दुसऱ्याला दिलं. अशी कामं जाणार, हे धरून चाल.

पैशाचं स्पष्ट सांगते. इथल्या गिऱ्हाइकांवर माझं घर चालत नाही. छोट्या साइटचे पंधरा-वीस हजार, त्यातले अर्धे 'सीझन झालो की देतंय' या बोलीवर. महिन्याचा खर्च पुण्या-मुंबईच्या आणि बाहेरच्या कामांतून निघतो, आणि तिथे मला घेतात ते पानं देखणी करते म्हणून नाही. फॉर्ममध्ये माणूस कुठे अडतो, मराठी पान का तुटतं, फोनवर का उघडत नाही हे शोधून दुरुस्त करता येतं, म्हणून घेतात. नुसती साइट करून देणाऱ्यांचे दर खरंच कोसळलेत. पहिली दोन-तीन वर्षं तुला जड जातील, नोकरी मिळवायलाही. घरी लगेच पैसे द्यायची निकड असेल तर आधी कुठेतरी चिकट आणि हे बाजूला करत राहा.

आणि चित्रकलाच करायची असेल, स्वतःच्या हाताची रेघ लोकांनी ओळखावी अशी ओढ असेल, तर वेबच्या वाटेला जाऊ नकोस. मी हे रागाने म्हणत नाही. माझ्याबरोबरचा एक मुलगा असाच कुढत दहा वर्षं राहिला, आता मुलांच्या पुस्तकांची चित्रं काढतो आणि माझ्यापेक्षा सुखात आहे.

यायचंच असेल तर एचटीएमएल आणि सीएसएस हाताने लिहायला शीक, यंत्र लिहून देत असलं तरी. पेंटर मशीन वापरत असते तरी फळी कुठे वाकते ते त्यांनाच बघावं लागलं असतं. फोनमधला टॉकबॅक, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणारी सोय, चालू करून डोळे मिटून एखादं पान वापरून बघ. मराठी नीट लिही, मोठ्याने वाचून.

बाकी बोलण्यापेक्षा एक काम देते. तुमच्या गावातल्या एसटी थांब्यावरून कुठली गाडी कधी सुटते, याचं एकच पान कर. आधी दोन सकाळी तिथे उभी राहून लोक कंट्रोलरला काय विचारतात ते लिहून घे. वेळ विचारतात, की 'गाडी गेली काय?' असं विचारतात, ते नीट ऐक, कारण त्यावर पानाचा पहिला शब्द ठरेल. रंग शेवटी लाव. झालं की आईच्या फोनवर उघड, मग जिथे रेंजची एकच काडी येते तिथे जाऊन उघड, आणि किती सेकंद लागले ते मला कळव.